बैलाला शपथ घालत नाहीत

तिसगावात एक हॉटेलवाले अण्णा होते. नगरहून निघालेली एसटी करंजीचा घाट ओलांडून पाथर्डीकडे जाताना तिसगावला थांबते, तिथून चार पावलांवर त्यांचं हॉटेल. पहाटे पाचला चहाचं आधण चढलं की रात्री दहाला शटर पडेपर्यंत भट्टी विझत नसे. दसरा झाला की ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे ट्रक दारात उभे राहत. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मढीला कानिफनाथांची यात्रा, तेव्हा तर बसायला बाकं पुरत नसत. वडे आणि मिसळ पोरं सांभाळत. अण्णा गल्ल्यावर बसत, आणि गल्ल्याच्या उजव्या अंगाला ताज्या शेवेची परात असे.

त्या परातीत दिवसातून किती वेळा हात जातो, असं कुणी विचारलं असतं तर अण्णा म्हणाले असते, “एखाद्या वेळेस.” त्यांना खरंच तसं वाटे. सुटे पैसे दिले की चिमूटभर शेव तोंडात. पोराला टेबल पुसायला हाक मारली की पुन्हा चिमूट. भज्यांचा घाणा उतरला की मीठ बघायला एक भजं, तिखट बघायला दुसरं. जेवणही तिथंच, उभ्याउभ्या, पाच मिनिटांत, एक डोळा रस्त्यावर ठेवून. ताटात वाढलेलं मात्र कधी टाकायचे नाहीत. ते वळण वडिलांनी लावलेलं. आबांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला होता, खडी फोडून मिळालेल्या सुकडीवर घर जगवलं होतं. त्या घरात ताटात अन्न टाकणं हे पाप होतं.

पन्नाशीला अण्णांचं वजन १३८ किलो झालं. साखर आटोक्यात येईना, गुडघे धरले, रात्री घोरता घोरता श्वास अडके आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, दचकून उठून बसत. पुण्याच्या डॉक्टरांनी पोटाच्या शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. घरात आधी भीती, मग वाद. कुणी म्हणालं, हे श्रीमंतांचं काम. कुणी आठवण करून दिली की नितीन गडकरींनी २०११ सालीच मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली आणि ते अजून देशभर फिरतात. शेवटी सूनबाईने विमा कंपनीची कागदपत्रं गोळा केली आणि तारीख ठरली.

या शस्त्रक्रियेच्या दोन-तीन तऱ्हा आहेत. अण्णांची झाली ती स्लीव्ह. दुर्बिणीतून जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात आणि उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी, जेमतेम वाटीभर मावेल एवढी. जो भाग जातो त्यातच भुकेचं संप्रेरक, घ्रेलिन, मुख्यतः तयार होतं. म्हणून पहिले काही महिने नुसतं पोट लहान होत नाही, भूकही मंदावते. अण्णांनी पहिले पंधरा दिवस डाळीचं पाणी आणि ताक घोटाघोटानं घेतलं, मग पातळ, घोटून एकजीव केलेलं, मग मऊ खिमटी. दीड-दोन महिन्यांनी ते घरच्या जेवणावर आले. वर्षभरात काटा ९२ वर आला. साखरेच्या गोळ्या जवळपास सुटल्या. गावात जो तो विचारू लागला, आणि अण्णा प्रत्येकाला शर्टाची मोकळी झालेली बाजू दाखवू लागले.

त्या वर्षात अण्णांनी काही शिकून घेतलं नाही, कारण शिकायची गरजच पडली नाही. भूक नव्हती म्हणून खाणं कमी होतं. गल्ला तिथंच होता, परातही तिथंच होती. आहारतज्ज्ञ बाईंनी छापील कागद दिला होता: आधी प्रथिनं, दिवसाला किमान ६० ग्रॅम, मग भाजी, शेवटी भाकरी. घास बारीक आणि भरपूर चावलेला. जेवण वीस मिनिटांच्या आत संपवायचं नाही. जेवणाआधी अर्धा तास, जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. जीवनसत्त्वं, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या कायमच्या. कागद चांगला होता. सूनबाईने तो भिंतीवर चिकटवला आणि तो तिथं पिवळा पडला.

दीड वर्ष झालं आणि भूक थोडी थोडी परतली. तिच्याआधीच हात परातीकडे परतला होता. लहान झालेल्या जठरात भाकरी-उसळ दाटून बसते, चार घासांत पोट भरल्याचं कळतं. शेव, फरसाण, चहात बुडवलेलं बिस्कीट, बुंदी हे मात्र अलगद उतरून जातं आणि थोड्या वेळानं पुन्हा जागा होते. जेवायला बसले की अण्णा पाव भाकरीत हात धुवायचे आणि सगळ्यांना वाटायचं, माणूस काही खात नाही. काटा मात्र ९५, मग ९८, मग १०१.

लाज वाटली म्हणून अण्णा डॉक्टरांकडे जायचं टाळत राहिले. असं बरेच जण करतात आणि ते फार नुकसानीचं आहे. वजन परत वाढलं तर त्याला वैद्यकीय कारणंही असू शकतात आणि ती वेळेवर बघावी लागतात. काकूंनी त्यांना अक्षरशः गाडीत बसवून नेलं. तपासण्या झाल्या. जठर ठीक होतं, रक्तात ब-१२ आणि लोह कमी निघालं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “दिवसभर कुठं बसता?”

परत येताना अण्णांनी गाडी वृद्धेश्वराकडे वळवायला लावली. महादेवापुढे हात जोडून शपथ घेतली, आजपासून परातीला हात लावणार नाही. शपथ चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी सकाळी ट्रकवाल्याशी बोलता बोलता तोंडात शेव आहे हे त्यांना चावताना कळलं. अण्णा उठले, आत गेले आणि काकूंवर विनाकारण ओरडले.

आबा ओट्यावर बसून ते ऐकत होते. आबांचं वय चौऱ्याऐंशी, तोंडात चार-पाच दात, नजर मात्र साफ.

“काय झालं रं?”

“शपथ मोडली, आबा. देवापुढची शपथ मोडली. माझ्यात निर्धारच नाही.”

आबा जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आरं, बैलाला शपथ घालून कुणी मोटंला शिकवलंय का?”

“मी काय बैल आहे, आबा?”

“तू न्हाईस. तुझा हात हाय.”

आबांनी तरुणपणी विहिरीवर मोट हाकली होती, गावात विजेचे पंप यायच्या आधीच्या काळात. ते सांगू लागले. बैल धावेवरून खाली उतरायचे, मोट वर यायची, थारोळ्यात पाणी ओतायची. नाडा ढिला झाला की बैलांनी पाऊल मागं घेत धाव चढायची, म्हणजे मोट परत विहिरीत. खाली उतरणं कुठल्याही जनावराला येतं. मागं चालणं येत नाही. नवा गोऱ्हा तिथं अडायचा, आडवा व्हायचा, जू झटकायचा. त्याला सांगून कळत नाही आणि चाबूक ओढला तर बिथरतो. म्हणून त्याला जुन्या बैलाच्या जोडीला जुंपायचं. जुना बैल मागं सरला की जू गोऱ्ह्याला मागं घेतं. आज, उद्या, परवा, तीच वेळ, तीच धाव, तोच जोडीदार. मग कधीतरी मोटकरी गाण्यात असतो, नाडा ढिला होतो आणि गोऱ्हा आपल्या आपण मागं सरतो.

“तुझ्यापाशी जुने बैल कुठले हायत ते बघ,” आबा म्हणाले. “न चुकता काय काय करतोस?”

अण्णांना आधी काही सुचेना. काकूंनीच सांगितलं. भट्टी पेटवायच्या आधी देवापुढे दिवा लावतात, ताप असला तरी. रात्री शटर पाडल्यावर गल्ला मोजतात, कितीही उशीर झाला तरी. आणि गिऱ्हाइकाचे पैसे आले की नाहीत हे त्यांना झोपेतही कळतं.

मग जुंपणी सुरू झाली. सूनबाईने भिंतीवरचा कागद काढला आणि त्यातली एकेक ओळ एकेका बैलाच्या गळ्यात बांधली. लोहाची गोळी दिव्याच्या काड्यापेटीशेजारी आली. काडी ओढायची तर गोळी हाताला लागणारच. कॅल्शियमची गोळी गल्ल्याच्या वहीत, कारण लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतले तर लोह नीट अंगी लागत नाही, त्यांच्यात दोन तास तरी अंतर हवं, आणि इथं तर अख्खा दिवस होता. पाण्याची मोठी अडचण होती. दिवसाला दीड-दोन लिटर पाणी पोटात जायला हवं, पण जठर लहान झालेल्या माणसाला गटागट पिता येत नाही. गल्ल्यावर फोनवरून पैसे आल्याचं मोठ्यानं सांगणारा छोटा डबा होता. डबा बोलला की तांब्यातून एक घोट, असं ठरलं. पूर्वी त्याच आवाजावर हात परातीकडे जाई. आता पहिले काही दिवस हात उजवीकडे जायचाच, पण तिथं तांब्या होता. परातीतली शेव पलीकडच्या फळीवर, झाकणाच्या काचेच्या बरणीत गेली होती, आणि मीठ-तिखट बघायचं काम भट्टीवरच्या पोराकडे. ही परात हलवणं मला या गोष्टीतली सर्वांत शहाणी कृती वाटते. निर्धार कुणाचाही संध्याकाळपर्यंत थकतो, आणि हात पोचत नाही अशा जागी ठेवलेल्या वस्तूशी झगडावंच लागत नाही.

राहिलं जेवण. ते मात्र कुठल्या खुंटीला टांगता येईना. अण्णांचा जेवायचा वेग चाळीस वर्षांचा होता. घास वीस-पंचवीस वेळा चावायचा म्हटलं की तिसऱ्या घासाला मोजणं सुटे आणि वेग पूर्वीचा होई. घाईनं गिळलेला घास छातीत अडके, डोळ्यांत पाणी येई, कधी उलटी होई.

आबा म्हणाले, “माझ्या शेजारी पाट मांड.”

आबा भर दुपारी एकला जेवत. चार-पाच दातांनी भाकरी चावायची म्हणजे एक घास मिनिटभर तोंडात घोळे. घरातले सगळे त्यांच्या आधी जेवून उठत, कारण त्यांच्याबरोबर बसलं की काम खोळंबे. आता बरोबर एकच्या आधी अर्धा तास अण्णा गल्ला मुलाकडे देऊन मागच्या घरात येऊ लागले. गल्ला सुटला की डब्याचा आवाज नाही, म्हणून पाण्याचा घोटही नाही. जेवणाआधीचं पाणी असं आपोआप बंद झालं. नातीची लहानपणीची स्टीलची ताटली अण्णांची झाली. तीत आधी मटकीची किंवा हुलग्याची उसळ, नाहीतर एक उकडलेलं अंडं आणि पनीर, मग भाजी, आणि भाकरीचा चतकोर ताटलीबाहेर, आबांच्या ताटात. तो हवा असेल तर आबांकडून मागून घ्यायचा. नियम एकच: आबांनी घास गिळल्याशिवाय आपला पुढचा घास उचलायचा नाही. तोवर चमचा ताटलीत आडवा.

पहिल्या दिवशी अण्णा कासावीस झाले. आबांचा घास संपता संपेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्ल्यावरून हाक आल्याचा बहाणा करून उठायचा प्रयत्न केला. आबांनी नुसतं मनगट धरलं. आठवडाभरानं दोघं जुन्या विहिरींची नावं काढू लागले. बापलेक एका पंक्तीला सावकाश जेवायला बसल्याला कित्येक वर्षं झाली होती, हे काकूंच्या लक्षात आलं आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

एक प्रश्न तसाच होता. पोट भरलं तरी ताटलीत दोन चमचे उरत आणि अण्णांना ते टाकवेनात. ते गिळायचे आणि मग तासभर छाती धरून बसायचे. आबांनी ते पाहिलं. बाहत्तरच्या दुष्काळात लेकराच्या ताटातलं शीतही वाया जाऊ न देणारा तो म्हातारा म्हणाला, “ते वळण मीच लावलं. आता मीच सांगतो, उरलं तर ठेव. उद्या वाढतानाच दोन चमचे कमी घे, म्हंजी पाप न्हाई लागायचं.” काकू दुसऱ्या दिवशीपासून तेवढं कमी वाढू लागल्या.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवयी कशा लागतात याचा अभ्यास केला होता. तो २०१० साली छापून आला. ९६ माणसांनी प्रत्येकी एक नवी गोष्ट निवडली आणि ती रोज एकाच ठरलेल्या खुणेनंतर करायची, असं ठरवलं. कुणी न्याहारीनंतर, कुणी जेवणाआधी. विचार न करता ती गोष्ट होऊ लागायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा निघाला ६६. पण कुणाला १८ दिवसच लागले, तर कुणाला अंदाजे २५४. एकवीस दिवसांत सवय लागते असं सर्रास सांगतात, ते माणसाला विनाकारण खचवणारं आहे. बाविसाव्या दिवशीही हात परातीकडे गेला तर तो माणूस नापास नाही, त्याची धाव अजून चालू आहे. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त धीराची वाटते: एखादा दिवस चुकला म्हणून जमत आलेली सवय मोडत नाही.

अण्णांचा नुसता एक दिवस चुकला नाही, सगळी यात्रा चुकली. होळी झाली, मढीचा रस्ता माणसांनी भरला, रंगपंचमीला गाढवांच्या बाजाराला आलेले लोक रात्री दोनलाही चहा मागत होते. एकचं जेवण चारला, तेही उभ्यानं. कुणीतरी प्रसादाची रेवडी हातावर ठेवली, मग पुडाच गल्ल्यात राहिला. पाडव्याला काटा दोन किलोंनी वर. पूर्वीचे अण्णा पुन्हा वृद्धेश्वराला गेले असते. या वेळी ते दुसऱ्या दिवशी साडेबाराला गल्ला सोडून उठले आणि आबांशेजारी पाटावर बसले. आबांनी यात्रेबद्दल काही विचारलं नाही. ताटातला चतकोर त्यांच्याकडे सरकवला आणि पहिला घास तोंडात घातला. यात्रेतही दिव्याजवळची गोळी एकदाही चुकली नव्हती, हे सूनबाईने रिकामी पाकिटं मोजून सांगितलं.

वैशाखात पाथर्डीला भाच्याचं लग्न निघालं. ऊन फार म्हणून आबा गेले नाहीत. अण्णा पंगतीत एकटेच बसले, आजूबाजूला ओळखीचे चेहरे, आणि वाढपी जिलबीची परात घेऊन आग्रहाला पेटलेले. “अण्णा, ऑपरेशन झालं की आता काय, सगळं चालतं!” असं म्हणत एकानं चार जिलब्या पानात टाकल्या. अण्णांनी आधी डाळ खाल्ली, मग मटकी. चमचा पानावर आडवा ठेवला. शेजारचे पाहुणे दोनदा भात घेऊन उठले तरी अण्णा चावत होते. एका जिलबीचा अर्धा तुकडा मोडून खाल्ला, बाकीच्या शेजारच्या पोराला दिल्या. पाहुण्यांनी विचारलं, तब्येत बरी नाही का. “पोट भरलं,” अण्णा म्हणाले, आणि ते खरंच भरलं होतं.

परतताना वाटेत निवडुंगे गावाजवळ गाडी आली तेव्हा काकूंनी विचारलं, “आज फार जड गेलं असेल ना, सगळ्यांसमोर?”

अण्णा चमकले. पंगतीत बसल्यापासून उठेपर्यंत त्यांनी चमच्याचा विचारच केला नव्हता. आपण कधी चमचा खाली ठेवला, कधी थांबलो, त्यांना आठवेना. बाजूला आबा नव्हते आणि तरी घास आबांच्याच चालीनं चालला होता.

घरी आल्यावर त्यांनी आबांना ते सांगितलं. आबा म्हणाले, “आता जू काढलं तरी चालंल. पण काढू नगं.”

पुढच्या तपासणीत वजन ९५ भरलं आणि वर्षभर तिथंच एक-दोन किलो खालीवर राहिलं. ९२ पुन्हा दिसलं नाही. डॉक्टरांना त्याची चिंता वाटली नाही. शस्त्रक्रियेनंतर काही किलो परत येणं पुष्कळांच्या बाबतीत घडतं. ब-१२ आणि लोह जागेवर आले होते, साखर ताब्यात होती, रात्रीचा श्वास मोकळा होता. अण्णा दर वर्षी रक्त तपासायला पुण्याला जातात आणि आता त्यांना गाडीत बसवावं लागत नाही. आबा अजून दुपारी एकला जेवतात.

तुमच्या घरात, भावकीत, गल्लीत कुणाची अशी शस्त्रक्रिया झाली असेल, तर त्यांना निर्धाराच्या गोष्टी सांगायला जाऊ नका, आणि सणावाराला ताटात आग्रहानं वाढू नका. जेवायच्या वेळी जा, त्यांच्या शेजारी बसा आणि तुम्हीही सावकाश जेवा.